जुलूम न करणारं सरकार

अमेरिकेचं पहिलं केंद्र सरकार दुबळं राहिलं, ते चुकून नव्हे. ब्रिटिशांच्या करांना वैतागलेल्या १३ राज्यांनी १७८१च्या करारात काँग्रेसला कर लावायचा अधिकारच दिला नाही. ही भीती मला पटते. मीही बहुधा तेच केलं असतं.

पण मग सैनिक आठवतात. लढून आलेले, पगार थकलेला. काँग्रेस राज्यांकडे पैसे मागायची, राज्यं टाळायची. आयातीवर ५ टक्के कर लावू म्हटलं, तर १७८२ मध्ये एकटं ऱ्होड आयलंड नाही म्हणालं आणि विषय अडला, कारण दुरुस्तीला सगळ्यांचा होकार हवा. जून १७८३ मध्ये फिलाडेल्फियात सैनिकांनी बंदुका घेऊन सभागृहाला वेढा घातला. काँग्रेस प्रिन्स्टनला निघून गेली.

जुलूम कुणीच केला नव्हता. मग त्यांचा पगार कुणी थकवला?