शंभर मीटर चढ म्हणजे किती किलोमीटर?

पुण्याहून सासवडला सायकलने जायचं तर दोन घाट आहेत. बोपदेव जवळचा, पण अंगावर येणारा. दिवे घाट आम्हाला लांबून पडतो, पण त्याचा चढ समजूतदार आहे. आमच्या रविवारच्या राइडचा रूट बहुतेक वेळा मी आखतो, त्यामुळे हा प्रश्न दर वेळी येतोच: जास्त चढ बरा की जास्त अंतर?

असा प्रश्न दिसला की इंजिनिअर आधी दोन्ही गोष्टी एकाच एककात आणतो. कल्पना जुनी आहे. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरात चालणाऱ्यांसाठी हिशेब मांडला होता: दर ३ मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास.

सायकलचा हिशेब मी स्वतः करून पाहिला. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. १०० मीटर उंची चढायला साधारण ८३ हजार ज्यूल लागतात. वारा नसताना, सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने गेलं तर तेवढ्याच ऊर्जेत सुमारे ७ किलोमीटर होतात. झाला दर पक्का!

पण वेग बदलला की दर बदलतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून जोरात जाणाऱ्याला सपाट रस्ताही महाग पडतो. ताशी २५ने जाणाऱ्यासाठी तोच १०० मीटरचा चढ सुमारे ५ किलोमीटरएवढा, तर ताशी १५ने जाणाऱ्यासाठी सुमारे १०. घाट एकच, पण हळू जाणाऱ्याच्या हिशेबात तो दुप्पट. आणि गटाचा रूट कोण आखतो? बहुधा ज्याचे पाय तयार आहेत तो. ‘छोटासाच घाट आहे’ असं तो म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो. तो स्वतःच्या दराने बोलत असतो.

शिवाय एक गोष्ट ज्यूलमध्ये दिसत नाही. अंतर हप्त्यांनी फेडता येतं. दहा किलोमीटरवर चहा, मग पुढचे दहा. खडा चढ मात्र रोख मागतो. १० टक्के चढावर ताशी ६ किलोमीटरने, म्हणजे भरभर चालण्याच्या वेगाने जायलाही जवळपास १४५ वॅट लागतात. त्याहून फार हळू गेलात तर तोल जातो. पायांत तेवढं नसेल तर उतरायचं आणि ढकलायचं.

मग सगळ्यांत हळू असलेल्याच्या दराने रूट आखायचा का? तेही मला पटत नाही. काहीजण घाटासाठीच पहाटे उठतात. त्यांच्यासाठी चढ हा खर्च नाही, तीच कमाई. हडपसरला दोन पालख्या वेगळ्या होतात. ज्ञानोबांची दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. पोचायचं दोघींना पंढरपूरलाच. त्यातली कुठली वाट जास्त पुण्याची, असा हिशेब मी तरी कुणाकडून ऐकलेला नाही.

सायकल सोडली तरी हा दर पाठ सोडत नाही. ‘दोन वर्षं घासून घे, मग पुढे सपाट रस्ता’ हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलाय. देणारा बहुधा तो चढ चढून गेलेला असतो. ज्याच्या घरी दोन वर्षं पगार थांबलेला चालत नाही, त्याला नोकरी करत पाच वर्षांची लांबची वाट घ्यावी लागते. त्याला आळशी म्हणणं म्हणजे आपला दर त्याच्या माथी मारणं.

माझ्यापुरता हिशेब मी माझ्या दराने करतो. दुसऱ्यांसाठी रूट आखताना अंतर, एकूण चढ आणि सर्वांत खडा टप्पा, तिन्ही आकडे ग्रुपवर टाकतो आणि विचारतो. कधी कधी दोन गट दोन घाटांनी निघतात. जे आधी पोचतात, ते सासवडला थांबतात.