एक दिवस बऱ्हाणपूरच्या नहरींसाठी

रावेर स्टेशनवरून खंडव्याकडे जाणारी गाडी धरली की थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. आपली माणसे तिथे बाजाराला, लग्नाच्या कापडखरेदीला जातात आणि दराबा, मावा जिलेबी बांधून संध्याकाळी परततात. केळीला भाव मिळाला की काही जण परदेशी सहलीलाही निघतात. कोणी जहाजातून एका दिवसासाठी व्हेनिसला उतरतात, कालव्यांचे फोटो पाठवतात. जग जरूर पाहावे. पण जमिनीच्या पोटातून कालवे नेणारे शहर आपल्या शेजारी आहे आणि पाण्यावर जगणाऱ्या आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांनी ते पाहिलेले नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

1615 सालची ही रचना. ज्यांचे दोहे आपण शाळेत पाठ केले ते अब्दुर्रहीम खानखानान यांनी ती उभी करवली. सातपुड्याचा उतार वाचणारा जाणकार होता तबकुतुल अर्ज, मूळचा इराणचा. डोंगरात मुरलेला पाऊस जमिनीखालून तापीकडे सरकतो, हे त्याने ओळखले आणि त्या वाटेवर बोगदे, म्हणजेच नहरी, खणवल्या. बोगद्यांवर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या बांधल्या. त्यांची संख्या शंभरावर आहे. मोट नाही, रहाट नाही, केवळ उताराच्या बळावर पाणी गावात पोचले. आज लिफ्टने सुमारे 80 फूट खाली उतरून ते वाहते पाणी पाहता येते. मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशांच्या यादीत कुंडी भंडारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रचनेचे नाव आले.

खाली उतरलेल्या शेतकऱ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या बोगद्याला डोंगराने दिले तेवढेच पाणी घेता येते. भूजलाची पातळी त्याच्या तळाखाली गेली की तो कोरडा पडतो. आणखी खाली जाऊन ओरबाडण्याची सोय त्यात नाहीच. ट्यूबवेलला मात्र असा धरबंध नाही. पाणी खाली गेले की पाइप वाढवायचे, मोटर मोठी बसवायची. ज्याच्याकडे पैसा आहे तो खोल जातो आणि शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर आटते. त्याला आपण त्याचे नशीब म्हणतो. मी याला अन्याय म्हणतो. जमिनीवरचा बांध हातभर सरकवला तर आपण कोर्टात जातो. जमिनीखालून शेजाऱ्याचे पाणी नेले तर ती कर्तबगारी ठरते.

रावेर-यावलच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा पाणी पिणारा आहे. त्याच्या जिवावर आपली केळी उभी राहिली, 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. ठिबकही आपण घरोघर नेले, हे चांगलेच झाले. पण ठिबकने वाचवलेल्या पाण्यावर आणखी बाग लावली तर जमिनीत शिल्लक काय राहते? 10 मे 2025 रोजी जमिनीत पाणी मुरवण्याच्या तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने भोपाळमध्ये केला. योजना व्हावीच. मात्र सरकारने भरावे आणि आपण उपसत राहावे, या हिशेबात कितीही पाणी कमीच पडेल. 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा खोल जाण्यावर निर्बंध घातले आहेत. ते गावाने मानले नाहीत तर कागदावरच राहतील.

आणि गावाने मिळून पाणी जपणे आपल्याला जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. धुळ्याकडे पांझरेच्या काठी शेतकऱ्यांनी शतकानुशतके फड पद्धत चालवली. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे, पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी द्यायचे, टंचाई आली तर ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. ती माणसे खानदेशचीच होती.

बऱ्हाणपुरात दिवस हाताशी असेल तर फारुकी राजवटीतली जामा मशीदही पाहा. तिथे अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. इतिहासाच्या नावाने भांडणे लावणाऱ्यांचे ऐकण्याआधी आपल्या मुलांनी त्या भिंतीसमोर एकदा उभे राहावे. मुमताज महल 1631 मध्ये याच शहरात वारली, एवढे सगळे सांगतात. त्याच सुमाराला, 1630 ते 1632 च्या दुष्काळात, या मुलखातली खेडी ओस पडली, हेही सांगायला हवे. राजधानीला नहरी होत्या, पण भोवतालच्या रयतेला त्या वाचवू शकल्या नाहीत. पाणी थोड्यांच्याच हाती राहिले तर बाकीच्यांचे काय होते, हे आपल्याच खानदेशाने भोगले आहे.

एका दिवसाच्या पाहुण्यांनी व्हेनिसला इतके हैराण केले की 2024 पासून ठरावीक दिवशी शुल्क घेऊनच त्यांना शहरात सोडू लागले. आपण तसे पाहुणे होऊ नये. भिंतीवर नाव कोरू नये, कुंडीत बाटली टाकू नये.

शाळांनी, बचत गटांनी, शेतकरी मंडळांनी या हिवाळ्यात एक दिवस काढावा. आणि तिथून आल्यावर पुढच्या ग्रामसभेत दोन विषय लेखी मांडा: गावातल्या विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून फळ्यावर लिहायची आणि नवी ट्यूबवेल शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय खणायची नाही.