कोनशिला आणि राखण

प्रवराकाठच्या आमच्या कोल्हारात बर्फ भेटतो तो रसवंतीत; पेल्यात पडतो न पडतो तोच विरघळतो. म्हणूनच एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात बर्फाचे क्रीडांगण असते, याचे आम्हांस नवल वाटले. डेहराडूनच्या महाराणा प्रताप क्रीडा महाविद्यालयात ते आहे. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने ते उघडले. २०१२ मध्ये आशियाई संघ तेथे आइस हॉकी खेळले. पुढे मात्र कित्येक वर्षे ते बंद होते. २०२५ साली तेथे पुन्हा स्पर्धा झाल्या.

भिंती एकदा बांधल्या की उभ्या राहतात. बर्फाचे तसे नाही. तळाच्या नळ्यांतून शीतद्रव अहोरात्र खेळविला, तरच तो पातळ थर टिकतो. यंत्र थांबले की मैदानाचे पाणी होते.

जे राखणे जमणार नाही, ते उभारणे हे औदार्य की अहंकार? मोठे काही उभारूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कोनशिलेला हार घालण्यास आम्हीही आजवर पुढे राहिलो. त्या वास्तूंचे पुढे काय झाले, हे विचारण्यास क्वचितच परतलो. दान त्या दिवशी पुरे होत नाही. त्याची खरी किंमत दुसऱ्या दिवसापासून मोजावी लागते.