जाणाऱ्या आईला कारण लागतं

‘द लॉस्ट डॉटर’वरून जगभर प्रेक्षकांत फूट पडली, ती गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीत आमच्या घरापर्यंत यायला काही वर्षं लागली. मॅगी जिलेनहॉल यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला सिनेमा २०२१ चा, एलेना फेरान्ते यांच्या कादंबरीवरचा. व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार, ऑस्करला तीन नामांकनं. कुणाला तो आईपणावरचा सर्वांत खरा सिनेमा वाटला, कुणाला त्यातली बाई डोळ्यांसमोर नको झाली.

गोष्ट थोडक्यात अशी. लेडा नावाची प्राध्यापक बाई ग्रीसमधल्या एका बेटावर सुट्टी घालवायला येते. किनाऱ्यावर एक तरुण आई आणि तिची लहान मुलगी दिसते आणि लेडाचं जुनं सगळं वर येतं. सात आणि पाच वर्षांच्या दोन मुलींना टाकून ती एकदा घराबाहेर पडली होती, तीन वर्षं. घरात मारझोड नव्हती, उपासमार नव्हती. तिला तिचं काम हवं होतं, एक पुरुष आवडला होता, आणि मुलींनी जीव नकोसा केला होता. आता किनाऱ्यावरच्या त्या पोरीची बाहुली ती गुपचूप पिशवीत घालते.

मी इथे कॉलेजात शिकवते, मावशी शाळेतून निवृत्त झालेली. लाखोरीची भाजी निवडायला घेऊन ती माझ्याबरोबर हा सिनेमा पाहायला लॅपटॉपसमोर बसली. खालची सबटायटल्स वाचायच्या भानगडीत पडली नाही, तरी बाहुलीचा अर्थ तिनेच आधी लावला.

मावशी : तिने आपली लहानपणची बाहुली पोरीले दिली होती ना? पोरीने पेनाने रेघोट्या मारल्या, तर हिने खिडकीतून खाली फेकली. तेच फेडते आता. दुसरीच्या बाहुलीले धुते, पुसते, कपडे घेते.

मी : फेडायचंच होतं तर स्वतःच्या मुलींकडे जायचं. इथे एक पोर बाहुलीसाठी रडून रडून हैराण झाली आहे आणि ही ती बाहुली लपवून बसते. मला तिचा रागच आला.

मावशी : येऊ दे. मले नाही आला.

मी : एखादी बाई घराबाहेर पडते याला माझा विरोध नाही. ‘उंबरठा’मधली सुलभाही पडतेच की.

(‘उंबरठा’ १९८२ चा. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन आणि स्मिता पाटील. सुलभा महाजन लहान मुलीला सासरी ठेवून संगमवाडीच्या महिला सुधारगृहात अधीक्षिका होते. परत येते तेव्हा मुलगी काकूला लागलेली असते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. मराठी घरांत ‘चूक कुणाची’ हा वाद त्या सिनेमाने लावून दिला. आईचं नाव निघालं की ज्या भाषेत आधी ‘श्यामची आई’च आठवते, तिथे हे मोठंच धाडस होतं.)

मावशी : उंबरठा मी नागपूरच्या टॉकीजमध्ये पाहिला. आजूबाजूच्या बाया रडत होत्या. कायले रडत होत्या माहीत आहे? सुलभाजवळ कारण होतं. तिथल्या गांजलेल्या बायांसाठी गेली ते. समाजाचं काम. आता यातून समाजाचं काम काढून टाक आणि सांग, त्याच बाया रडल्या असत्या का?

मी : नसत्या. पण मग कारणाला काही किंमतच नाही म्हणतेस?

मावशी : आहे ना. लोकांसाठी आहे. हिरकणीचं पाह्य. तान्हं लेकरू घरी ठेवूनच गडावर गेली होती ना ते दूध विकायले? बुरूज बांधला तो कडा उतरून आली म्हणून. वर गेली त्याचं कोणी नाव काढत नाही.

मी : पोटासाठी गेली होती, त्याचं नाव काय काढायचं! माझ्याच वर्गात अशी मुलं आहेत. धानाची कामं संपली की आईबाप मिरची तोडायला तेलंगणात जातात, पोरं आजीजवळ राहतात. त्यांच्या आयांना कुणी लेडा म्हणेल का? मला तर वाटतं, आईपण नकोसं वाटणं हे भरल्या पोटाचं दुखणं आहे.

हे वाक्य मी जरा जोरातच टाकलं होतं. मावशीने निवडलेली भाजी बाजूला सारली.

मावशी : तुझी आजी घराबाहेर पडली तेव्हा मी चार वर्षांची, तुझी आई सात वर्षांची. बाप वारलेला. आईने नागपूरले जाऊन नर्सचं ट्रेनिंग घेतलं, मग नोकरी लागली ते आडगावच्या दवाखान्यात. आम्ही आमच्या आजीजवळ. आई सुट्टीत येई. ते परत निघाली की मी तिचं लुगडं सोडत नसे. मग आजी म्हणे, तुमच्यासाठीच तर मरते ना ते! झालं. तोंड बंद. सारं गाव म्हणे, केवढी कर्तबगार बाई. खरंच होतं ते. पण चांगलं कारण असलं की लेकराले रागवायचा हक्क राहत नाही. तुझ्या वर्गातल्या पोरांलेही नाही.

आजीला मी ओळखते ती पांढऱ्या साडीतली, गावाने ‘नर्सबाई’ म्हणून मान दिलेली. या बाजूने तिच्याकडे कुणी मला पाहायला लावलं नव्हतं.

मी : पण ती पोटासाठीच गेली ना?

मावशी : गेली पोटासाठीच. म्हातारपणी एक दिवस आपणहून म्हणाली, होस्टेलात रात्री कोणी पदर ओढायले नसे, मी पालथी झोपायची, लय बरं वाटे. एवढंच बोलली. मले असा राग आला की काही दिवस तिच्याशी बोलली नाही.

मी : मग ते न सांगितलेलंच बरं होतं.

मावशी : उलटं. तोवर आई म्हणजे देवघरातली तसबीर. तसबिरीवर रागावता येते का? त्या दिवशी पहिल्यांदा हक्काने रागावली मी. अन् राग उतरल्यावर तिच्याजवळ बसली, तेही पहिल्यांदाच.

इथे मला मावशीची बाजू कळली. लेडाही तेच करते. मुलींपासून दूर असताना कसं वाटलं, असं ती तरुण आई विचारते तेव्हा लेडा रडत रडत सांगते की फार छान वाटलं. मग असंही सांगते की आठवण सहन होईना म्हणून परतले. परतण्यालाही ती त्यागाचा मुलामा देत नाही. स्वतःला स्वार्थीच म्हणते. याच जागी प्रेक्षक दुभंगतो. मुलांना सोडून जाणं आपण ऐकून घेतो, पण सोडून गेल्यावर बरं वाटलं हे ऐकवत नाही.

तरी माझा मुद्दा सुटत नव्हता.

मी : तुला ते कळलं तेव्हा तुझे केस पिकायला लागले होते. चार वर्षांच्या तुला कुणी सांगितलं असतं की तुझ्यापासून सुटून आईला बरं वाटतंय, तर तू काय करणार होतीस? खरेपणा मोठ्यांना परवडतो. आणि इथे तर लेडाच्या बोलण्याआधी तिचं जाणं आहे. ती तीन वर्षं त्या मुलींना कोण परत देणार?

मावशी : कोणी नाही.

मी : मग?

मावशी : मग काय! ते बरोबर गेली असं मी कुठं म्हटलं? खोटं बोलली नाही, एवढंच म्हणते. लेकराले सांगू नये, कबूल. पण कोणाले तरी सांगावं का नाही?

मी : सांगितलं की तिने. ऐकणारीने बाहुलीचं कळताच टोपीची पिन खुपसली तिच्या पोटात.

मावशी : (हसून) खुपसणारच. आपल्या मनातलं दुसरीच्या तोंडून ऐकलं की असंच होते.

मी तिला डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाबद्दल सांगितलं. हा माणूस मनोविश्लेषकही होता. आईला आपल्या बाळाचा तिटकारा का वाटतो याची अठरा कारणं त्याने १९४९ साली छापलेल्या एका निबंधात लिहिली होती; तो तिटकारा सोसूनही ती बाळावर तो काढत नाही, यातच त्याला तिची थोरवी दिसली होती. मावशी म्हणाली, ‘अठराच?’

ओर्ना डोनाथ ही इस्रायली अभ्यासिका आई झाल्याचा पश्चात्ताप होणाऱ्या तेवीस बायांशी बोलली, त्याचंही सांगितलं. मुलांवर जीव आहे, पण आई होणं पुन्हा निवडलं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं आणि जर्मनीत मोठा गदारोळ उठला.

मावशी : तू म्हणतेस भरल्या पोटाचं दुखणं. राणीताईंनी या जिल्ह्यातल्या बायांले विचारलं तेव्हा काय निघालं?

डॉ. राणी बंग यांचा तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत साडेसहाशे बाया तपासल्या. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर बायांना हे दुखणंच नाही असं खुशाल धरून चाललं होतं. मावशीचं म्हणणं असं की अंगाचं विचारलं तेव्हा अंगाचं निघालं. मनाचं कुणी विचारलेलंच नाही, तर ते नाहीच असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? मिरचीच्या रानात एखादीला रात्री पालथी झोपून बरं वाटत असेल तर ती कुणाला सांगणार? तिच्या कारणाने तर तिचंही तोंड बंद केलेलं आहे.

बापांचा विषय आम्ही काढलाच नाही. काढला असता तर एका मिनिटात संपला असता. बाप कामाला गेला की त्याला कुणी कारण विचारत नाही.

सिनेमाच्या शेवटी लेडाच्या मोठ्या झालेल्या मुली तिच्याशी फोनवर बोलतात, आणि ती संत्रं सोलत ऐकत राहते. मी म्हटलं, ही माफी फार स्वस्तात मिळाली. मावशी म्हणाली, माफी कुठली, नुसता फोन आहे. त्यावर आमचं जमलं नाही.

माझं मत अजूनही लेडाच्या विरोधात आहे. पाच वर्षांच्या मुलीची तीन वर्षं ही हिशेबातून पुसता येणारी गोष्ट नाही, आणि आईच्या खरेपणाने ती भरूनही येत नाही. पण लेडाला एखादं चांगलं कारण चिकटवून हा सिनेमा गोड केला असता, तर तो मावशीशी मात्र खोटं बोलला असता. ‘उंबरठा’ थोर आहेच; फक्त त्यात त्या लहान मुलीला रागवायला जागा कमी आहे, हे मला या वादानंतर दिसायला लागलं. दोन्ही पाहणार असाल तर आधी ‘उंबरठा’ पाहा. आणि शक्यतो आईबरोबर पाहू नका, मावशीबरोबर पाहा.