फडक्याखालचा श्वास

किल्ली खिशात ठेवा. आज ती लागणार नाही.

शेडमध्ये या. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या.

समोर पद्मिनी मोटार उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून कधीकाळी निघालेली. मुंबईत हिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी बहिणी ३० ऑक्टोबर २०२३ पासून धावत नाहीत. ही मात्र इथे आहे.

टायर बसलेत. काचेवर एवढी धूळ की बोटाने नाव लिहावं.

लिहू नका. नुसतं बघा.

वास घ्या. जुनं रेक्झिन. गंज. उंदीर. आणि मागून येणारा, व्हार्निशसारखा उग्र वास, तो टाकीतल्या शिळ्या पेट्रोलचा. ते काढायचं आहेच. पण आज नाही.

बॉनेट उघडा. बिजागरी कुरकुरते. ती गप्प होईपर्यंत थांबा.

आत चार सिलिंडर. सगळे मिळून १०८९ सीसी. लिटरभराहून थोडं जास्त.

आता हात पोटावर ठेवा. तुमचा एक शांत श्वास साधारण अर्धा लिटर असतो.

एक श्वास घ्या. सोडा.

आणखी एक. सोडा.

जवळजवळ एवढीच हिची छाती.

चारही प्लग काढा. ज्या क्रमाने काढलेत, त्याच क्रमाने ओळीत मांडा. एकेक उचला, टोक बघा. काजळी नाही. फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचं. शेवटची बंद केली तेव्हा गाडी बरी होती.

आता ऑइलकॅनची लांब चोच पहिल्या भोकात घाला. चमचाभर तेल. मग दुसऱ्यात. तिसऱ्यात. चौथ्यात.

तेल दिसेनासं होतं.

आत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला धरून बसल्यात. कोरड्याच फिरवल्या तर भिंत ओरबाडतील. म्हणून किल्ली खिशात.

तेल खाली उतरतंय. केसाएवढ्या फटीतून, गंजाच्या कडेकडेने.

ऐका. काहीच ऐकू येत नाही.

तसंच ऐकत राहा.

भोकांवर सुती फडकं टाका. दिवा मालवा. रात्र जाऊ द्या.

सकाळ आहे. कौलाच्या फटीतून उन्हाची एक तिरीप बॉनेटवर पडलीय. फडकं होतं तिथेच आहे.

जमीन सपाट आहे ना, बघा. चाकाखालचे दगड काढा. पुढे चार हातांवर वीट ठेवा. हँडब्रेक सोडा. स्टेअरिंगजवळचा दांडा चौथ्या गिअरमध्ये टाका.

घरातल्या कुणाला तरी हाक मारा. त्यांनी मागून खांदा लावायचा. तुम्ही इथे, इंजिनाच्या बाजूला.

हळूच, म्हणा. झटका नको.

गाडी हलत नाही.

हरकत नाही. आणखी चमचाभर तेल. आणखी एक रात्र. गेली इतकी वर्षं उभीच आहे ती.

पुन्हा सकाळ. पुन्हा तीच तिरीप. पुन्हा म्हणा, हळूच.

चाक वळतं. पंख्याचं पातं सरकतं, बोटभर. मग वीतभर.

आता फक्त फडक्याकडे बघा.

फडकं किंचित उचललं जातं.

पुन्हा बसतं.

प्लग लावलेले नाहीत, म्हणून आत दाब नाही, ठिणगी नाही, स्फोट नाही. हवा नुसती आत जाते, बाहेर येते. तुमच्यासारखीच.

तिच्याबरोबर एक श्वास घ्या.

टाकी रिकामी करायची आहे. कार्बोरेटर धुवायचा आहे. पॉइंट घासायचे आहेत. ब्रेक तपासायचे आहेत. बॅटरी चार्जिंगला लावायची आहे. सगळं एकेक करून होईल. किल्लीची पाळी शेवटी.

आत्ता तुम्ही मागे जा. खांदा लावा. त्यांना इथे उभं राहू द्या.

त्यांनाही बघू द्या.