घरबसल्या वैद्यकीय संशोधन आणि आपली अमानत

इशाची नमाज आटोपून लोक पांगले की दोन-चार जण मसला विचारण्यासाठी मशिदीत थांबतात. मध्यंतरी असाच एक तरुण थांबला. त्याच्या वडिलांना मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी त्यांना एका अभ्यासात सहभागी होण्याविषयी विचारले होते. रुग्णालयात दाखल व्हायचे नव्हते. घरीच रोज बोटातून थेंबभर रक्त काढून साखर मोजायची, तो आकडा मोबाइलमध्ये भरायचा आणि पंधरवड्याने येणाऱ्या फोनवर प्रकृतीची माहिती द्यायची. तरुणाने विचारले, "मौलाना, हे जायज आहे का? अब्बांवर कोणी प्रयोग तर करत नाही ना?"

त्या रात्री मी त्याला थोडक्यात उत्तर दिले. नंतर मात्र जाणवले की या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला, अशा अभ्यासात सहभागी व्हावे का? दुसरा, एकदा होकार दिल्यावर आपल्यावर कोणती जबाबदारी येते? दुसरा प्रश्न त्याने विचारला नव्हता. पण त्याबाबत माझ्याकडून एक चूक घडलेली आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही.

उपचाराचा शोध ही इबादतीशी जोडलेली बाब

वाचक बंधू-भगिनींनो, अल्लाहने असा कोणताही आजार निर्माण केला नाही ज्याचा उपचारही त्याने उतरवला नाही, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली असून ती सहीह बुखारीत नोंदलेली आहे. या शिकवणीचा अर्थ आपण बहुधा रुग्णाला धीर देण्यापुरताच घेतो. वास्तविक तिच्यात एक आवाहनही आहे. उपचार उतरवला गेला आहे, पण तो कोणीतरी शोधावा लागणार आहे. म्हणूनच इमाम गजाली (रह.) यांनी वैद्यकविद्येला फर्ज-ए-किफाया म्हटले. समाजातील काहींनी ती शिकली तर सर्वांची जबाबदारी फिटते. कोणीच शिकली नाही तर सारा समाज दोषी ठरतो.

औषधाची पारख कशी करावी, याचाही विचार आपल्या पूर्वसूरींनी केला होता. इब्न सीना यांनी 'अल-कानून' या ग्रंथात औषध पारखण्याचे नियम मांडले. सिंहावर किंवा घोड्यावर दिसलेला परिणाम माणसावरही तसाच होईल असे नाही, म्हणून अखेरची पारख मानवी शरीरावरच व्हायला हवी, हा त्यांपैकी एक नियम. हजार वर्षांनंतरही त्यातील सत्य बदललेले नाही. आज आपण रक्तदाबाची जी गोळी निर्धास्तपणे गिळतो, ती आपल्याआधी कोणीतरी अनिश्चिततेच्या काळात गिळली होती. त्या अनोळखी माणसाचे आपण ऋणी आहोत. सूरह माइदाच्या 32 व्या आयतीत एक जीव वाचवणे हे अखिल मानवजातीला वाचवण्यासारखे ठरवले आहे. तो जीव आपल्या ओळखीचा किंवा आपल्या जमातीचा असावा, अशी अट तिथे नाही.

संशोधन उंबऱ्याच्या आत

संशोधन म्हटले की पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या डोळ्यांसमोर येतात. परंतु आपल्या महाराष्ट्रातील काही मोलाचे संशोधन साध्या घरांत झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा अभ्यास केला. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया बाळंतिणीच्या झोपडीत जात, बाळाचे वजन घेत, श्वास मोजत, नोंदी ठेवत. त्यासाठी 39 गावांची तुलना दुसऱ्या 47 गावांशी करण्यात आली. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचे जगाला कळले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाला तपासतात, त्यामागे त्या गावांतील मातांचा होकार उभा आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे त्यांच्या मुलांकडेही वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. आपली बाळे वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबी अधिक असते, हे त्यातून दिसले. भारतीयांना मधुमेह इतक्या लवकर का गाठतो, हे समजण्यास त्याची मोठी मदत झाली. त्या तरुणाच्या वडिलांचा आजार समजून घेण्यात त्या अनाम मातांचाही वाटा आहे.

कोरोनाकाळात ब्रिटनमध्ये ही पद्धत आणखी पुढे गेली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने डिसेंबर 2021 मध्ये सुरू केलेल्या 'पॅनोरॅमिक' या चाचणीत 25 हजारांहून अधिक रुग्णांनी घरूनच भाग घेतला. औषध कुरिअरने दारात येई आणि रुग्ण 28 दिवस आपल्या प्रकृतीची दैनंदिनी भरत. लसीकरण झालेल्या लोकांमध्ये ते औषध रुग्णालयात दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण कमी करत नाही, मात्र बरे वाटायला काही दिवस कमी लागतात, असे आढळले. एखादे औषध अपेक्षेइतके उपयोगी नाही हे कळणे हाही फायदाच आहे. पण हा निष्कर्ष कशावर उभा होता? हजारो घरांत, कोणी पाहत नसताना, लोकांनी खरे लिहिले या एका विश्वासावर.

होकार कोणाचा, आणि कसा?

आता धोक्याकडे वळू, कारण तोही खरा आहे. सूरह बकराच्या 195 व्या आयतीत माणसाला स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई आहे. नुकसान करू नये आणि नुकसानीची फेड नुकसानीने करू नये, हा हदीसमधील नियम तर फिकहच्या मूळ तत्त्वांपैकी एक आहे. म्हणून ज्या अभ्यासात जिवाला मोठा धोका आहे आणि त्या मानाने लाभ नाही, त्यात पडणे जायज नाही, मग मोबदला कितीही असो.

संमतीबाबत सूरह बकराची 282 वी आयत मला विशेष मार्गदर्शक वाटते. कुरआनमधील ही सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याच्या व्यवहाराविषयी आहे. व्यवहार लिहून ठेवावा, ज्याच्यावर बोजा आहे त्यानेच मजकूर सांगावा, आणि तो असमर्थ असेल तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावा, असा तिचा आशय आहे. पैशांच्या देण्याविषयी एवढी दक्षता, तर शरीराविषयी किती असावी?

2009 मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेतील वडोदऱ्यात किशोरवयीन मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर 2010 मध्ये तो थांबवण्यात आला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. परंतु एक गंभीर दोष उघड झाला. अनेक संमतिपत्रांवर आई-वडिलांच्या नव्हे, तर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. लस निर्दोष असली तरी घेतलेली संमती निर्दोष नव्हती.

हा दोष केवळ संस्थांमध्येच असतो का? आपल्या घरांकडे पाहा. वडिलांना फॉर्म वाचता येत नाही म्हणून मुलगा सही करतो. पत्नी शहाणी, सज्ञान असताना तिच्या वतीने नवरा होकार देतो. रक्त तिचे आणि थकवाही तिचाच, तर मग होकार दुसऱ्याचा कसा? शिवाय घर ही अशी जागा आहे जिथे नकार देणे अवघड असते. रुग्णालयात डॉक्टरांपुढे संकोच वाटतो, घरात लेकरांपुढे वाटतो. म्हणून घरच्या कर्त्या माणसाने फॉर्म मातृभाषेत वाचून दाखवावा आणि "नको वाटले तर कधीही थांबता येईल, उपचार बंद होणार नाहीत" हे स्वतःच्या तोंडाने सांगावे.

आपल्या देशात 2019 च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला नैतिकता समितीची मान्यता लागते, तिची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद असावी लागते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. नोंदणी क्रमांक विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. ती आपली जबाबदारी आहे. गोळीच्या कवचात कोणते जिलेटिन आहे, हेही निःसंकोच विचारावे. एका गटाला औषधाऐवजी नुसती साखरेची गोळी देणे ही फसवणूक नाही का, असे अनेक जण विचारतात. तसे होऊ शकते हे आधीच सांगून संमती घेतली असेल तर ती फसवणूक नाही. लपवले असेल तर आहे.

ओले धान्य

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या अम्मी अशाच एका अभ्यासात होत्या. दिवसातून दोनदा रक्तदाब मोजून वहीत लिहायचा एवढेच काम, आणि ते माझ्याकडे होते. रमजान आला. सहरी, दर्स, तरावीह या धावपळीत चार दिवस मोजायचे राहून गेले. पाचव्या दिवशी फोन येणार होता. मी वही उघडली, आधीचे आकडे पाहिले आणि साधारण तसेच आठ आकडे लिहून टाकले. मनाला वाटले, कोणाचे काय बिघडले?

त्याच आठवड्यात दर्समध्ये सहीह मुस्लिममधील ती प्रसिद्ध हदीस माझ्याच वाट्याला आली. प्रेषित (स.) बाजारात धान्याच्या एका राशीपाशी थांबले, आत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण दिले. आपण विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे बजावले. मी हे समजावून सांगत होतो आणि माझी जीभ जड होत होती. माझी वही म्हणजे तीच रास होती. वरून कोरडी, आतून ओली.

दुसऱ्या दिवशी अभ्यासातील ताईंना फोन करून मी सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मौलाना, रकाना कोरा राहिला तर आम्हाला कळतं की मोजलं नाही. खोटा आकडा आला तर काहीच कळत नाही." त्या आठ आकड्यांवर त्यांनी काट मारली. अम्मींना कळले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "बेटा, माझ्या नावानं खोटं लिहिलंस." ते वाक्य अजून टोचते.

वाचकहो, त्या आठ आकड्यांनी कोणाचे नुकसान झाले असते, हे मी दाखवू शकत नाही. पण प्रत्येक घर असेच म्हणू लागले तर? खोट्या नोंदींवर औषधाची मात्रा ठरेल आणि ती कोण्या अनोळखी रुग्णाच्या पोटात जाईल. त्याच्याकडे क्षमा मागायला आपण कुठे जाणार? सूरह निसाच्या 58 व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपवण्याचा आदेश आहे. अभ्यासातील खरी नोंद ही अमानत आहे आणि तिचा हक्कदार कदाचित अजून जन्मलेलाही नाही. मोबदल्यासाठी आजार लपवणे, खोटे वय सांगणे, न घेतलेली गोळी घेतली म्हणणे, या सर्व बाबी याच राशीतल्या आहेत.

एक शंका इथेच दूर करतो. रोजा असताना तपासणीसाठी रक्त दिल्याने रोजा तुटत नाही. जेद्दा येथे 1997 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनातही तसाच निर्णय झाला आहे. तेव्हा माझ्याप्रमाणे रमजानचे निमित्त कोणी पुढे करू नये. गोळी गिळण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिच्या वेळा रमजानपूर्वीच डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात.

शेजारच्या खोलीतील हक्क

घरातून दिलेली माहिती क्वचितच एकट्याची असते. "आई-वडिलांना कोणते आजार होते? बहिणीला? घरात कोणी मानसोपचार घेतो का?" या प्रश्नांची उत्तरे देताना आपण दुसऱ्यांची झाकलेली बाजू उघडत असतो. इस्लाममध्ये दुसऱ्याच्या उणिवेवर पडदा टाकण्याला मोठे पुण्य आहे. लग्नाच्या वयाच्या बहिणीचा आजार नोंदवण्याआधी तिला विचारा. माहिती कुठे जाते, नावासह जाते की नावाविना, हे जाणून घ्या. समाधान झाले नाही तर तो प्रश्न रिकामा सोडा. इथेही कोरा रकाना प्रामाणिक असतो.

माझ्या अल्पमतीनुसार अशा अभ्यासात सहभागी होणे कोणावर व्यक्तिशः फर्ज नाही. नकार देणारा गुन्हेगार नाही. परंतु धोका अल्प असेल, अटी स्वच्छ असतील आणि नियत लोकांच्या भल्याची असेल, तर ते सवाबाचे काम आहे, अशी मला आशा वाटते. होकार दिल्यावर मात्र सचोटी ऐच्छिक राहत नाही.

त्या तरुणाचे वडील आता त्या अभ्यासात आहेत. फॉर्म त्यांनी मुलाकडून दोनदा वाचून घेतला आणि अंगठा स्वतः उमटवला. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "गुरुवारी लग्नाला गेलो, साखर मोजायची राहिली. रकाना तसाच सोडलाय." मी त्यांना मनापासून दुआ दिली.

अल्लाह आपल्याला जे कोणी पाहत नाही तिथेही खरे लिहिण्याची तौफिक देवो. आमीन. वल्लाहु आलम.