पनवेलची पेठ कोणाच्या नकाशात?

ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलविषयी एक मजेशीर नोंद आहे. इथला मुख्य धंदा बैलगाडीची चाके बनवण्याचा, आणि देशावरून उतरलेली प्रत्येक गाडी परतताना चाकांची जोडी घेऊन जाते, असे त्यात म्हटले आहे. बोरघाट उतरून आलेल्या चाकांची काय दशा होत असेल याची कल्पना केली, की पनवेलकरांचे धंदेवाईक डोके लक्षात येते. १८३० साली घाटातला गाडीरस्ता खुला झाला. पुण्याकडचा माल पनवेलपर्यंत गाडीने आणि पुढे खाडीतून गलबताने मुंबईला जाऊ लागला. १८५२ साली इथे नगरपालिका आली. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८६३ मध्ये, आगगाडी बोरघाट चढली. ती कल्याण-कर्जतवरून चढली. पनवेल वाटेत नव्हतेच. बंदराचा व्यापार उतरणीला लागला आणि चाकेही गेली.

पनवेलचे बरेवाईट असे नेहमी दुसऱ्या दोन शहरांमधल्या रस्त्याने ठरवले. गेल्या तीस वर्षांत रस्त्यांनी उलटे दान टाकले. १९९८ मध्ये हार्बरची लोकल आली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि नाताळच्या दिवशी पहिली विमाने उडाली. पनवेलचे नशीब उघडले, असे आता जो तो म्हणतो, आणि म्हणताना चौरस फुटाचा भाव सांगतो. माझा प्रश्न भावाचा नाही. इतक्या रस्त्यांनी जोडलेल्या या पसरट शहराला मध्य आहे का? असेल, तर तो सांभाळणे हे कोणाचे काम?

मध्य आहे. उरण नाका, टिळक रस्ता, कापड बाजार, लाईन आळी, मोहल्ला, वडाळे तळ्याचा काठ एवढा जुन्या पनवेलचा तुकडा म्हणजे तो मध्य. मात्र कोणत्याही नियोजनकाराने तो तसा ठरवलेला नाही, आणि त्यामुळेच कोणाच्याही कागदावर तो मध्य म्हणून नोंदलेला नाही. कागदावर त्याचे नाव ‘दाट वस्ती’.

चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकातून मुंबईच्या खाडीपलीकडे जुळ्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना मांडली. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले, ९५ गावांची जमीन संपादनात आली. कल्पना अशी होती की एकच एक गजबजलेले केंद्र नको. मुंबईचे दुखणे तेच आहे. त्याऐवजी माळेसारखे नोड असावेत, प्रत्येकात शाळा, बाजार, दवाखाना असावा, आणि मोठ्या व्यवहारांसाठी बेलापूरला व्यापारी केंद्र उभे राहावे. राज्य सरकारने आपली मुख्य कचेरी खाडीपलीकडे न्यावी, हा त्या कल्पनेचा कणा होता. सरकार गेले नाही. नरिमन पॉइंटला भराव पडला, मंत्रालय जागचे हलले नाही, आणि बेलापूरच्या केंद्राला आब येण्यात कित्येक वर्षे गेली. या साऱ्या आखणीत जुने पनवेल हद्दीबाहेर राहिले. त्याला स्वतःची नगरपालिका होती, म्हणून ते सुटले. त्या काळी हे सुटणे भाग्याचे वाटले असणार, कारण भोवतालच्या गावांची शेती आणि मिठागरे जात होती. १९८४ च्या जानेवारीत उरणजवळच्या जासई आणि पागोटे इथे या जमिनींच्या मोबदल्यासाठी लढणारे पाच आंदोलक पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व आले.

खारघर, कामोठे, कळंबोली, खांदा कॉलनी, नवीन पनवेल हे नोड वसले आणि माणसांनी भरले. त्यांच्यात उद्याने आहेत, रुंद रस्ते आहेत, आणि ते मला आवडतात. जुन्या गावाचे गोडवे गाताना खारघरच्या झाडांना नावे ठेवायची प्रथा पडली आहे, ती मी पाळणार नाही. पण गणपतीच्या आधीच्या रविवारी याच नोडमधली माणसे रिक्षा करून कुठे येतात ते पाहावे. मखराचे सामान, खणाची कापडे, पितळी समई, लग्नाचा बस्ता, सुके बोंबील, हिवाळ्यात पोपटीसाठी वालाच्या शेंगा, धूतपापेश्वरचे काढे. (ही आयुर्वेदाची कंपनी १८७२ पासून इथली, हे नवीन रहिवाशांना बहुधा ठाऊक नसते.) सेक्टरमध्ये दुकानांच्या रांगा आहेत, मॉल आहेत, घरपोच सामान आणणारी मुले आहेत, तरी लोक येतात. दुकानासाठी भूखंड राखून ठेवता येतो. एका आळीत वीस कापडवाले शेजारी बसतात, दर पाडतात, उधारी ठेवतात आणि एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवतात, ते मात्र आरक्षणाच्या रंगाने होत नाही. त्याला पिढ्या लागतात, आणि कमी भाडे लागते. जेन जेकब्ज यांनी १९६१ साली अमेरिकी शहरांविषयी लिहिताना जुन्या इमारतींची बाजू घेतली ती याच हिशेबाने. नव्या इमारतीचे भाडे परवडेल असेच धंदे नव्या इमारतीत येतात. बाकीच्यांना जुने छप्पर लागते.

पावसाळ्यात उरण नाक्यावर सकाळी लवकर जाऊन पाहा. नेरे, वाजे, मालडुंगे या माथेरानच्या पायथ्याकडच्या भागातून कातकरी आणि ठाकूर बायका रानभाज्या घेऊन आलेल्या असतात. जूनमध्ये शेवळे आणि सोबत काकड, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, पुढे करटुली. त्यांच्याकडे गाळा नाही, परवाना नाही, कित्येकींकडे तराजूही नाही. जुडी आणि वाटा हेच माप. बसायला त्यांना एक गोणपाट आणि एखाद्या दुकानाची पायरी पुरते. दुकान उघडेपर्यंत पायरी तिची, शटर वर गेले की ती दोन हात सरकते, आणि दुपारच्या आत परतीची गाडी धरते. हा व्यवहार दुकानदाराच्या मर्जीवर चालतो. त्यात अपमानही असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो चालतो तो पायरी आहे म्हणून.

आता पायरीचे काय होते ते बघू. जुना दुमजली वाडा किंवा चाळ पडते, तिथे सात मजली इमारत उभी राहते. तळमजल्यावर वाहनतळ, दर्शनी बाजूला दोन-तीन गाळे, त्यांना उंच जोते, पुढे लोखंडी रेलिंग आणि कोणी टेकू नये म्हणून कडेला कुंड्या. वरच्या फ्लॅटमधल्या माणसांची सोय झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. सार्वजनिक नळावर रांगा लावण्यात कसली संस्कृती? जुन्या भाडेकरूला कधी घर मिळते, कधी पैसे देऊन वाटेला लावले जाते. रस्ता मात्र पूर्वीइतकाच अरुंद, आणि आता त्यावर चौपट मोटारी. एफएसआयचे, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याचे, गणित भूखंडाचा आकार आणि समोरच्या रस्त्याची रुंदी विचारते. पायरीवर कोण बसते हा रकाना त्या अर्जात नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, त्यात सर्वेक्षण आहे, समिती आहे. पण फेरीवाला क्षेत्र आखायची वेळ आली, की ते बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक फिरकत नाही अशा कोपऱ्यात आखले जाते.

यावर एक प्रतिवाद हमखास ऐकू येतो आणि तो खोटा नाही. जुने पनवेल म्हणजे काही स्वर्ग नव्हे. आळ्या जातींच्या होत्या. अग्निशमनाचा बंब शिरत नाही अशा गल्ल्या आहेत. २६ जुलै २००५ ला गाढी नदी शहरात घुसली तेव्हा याच भागाने पाणी अंगावर घेतले. पनवेलच्या देहरंग धरणात गाळ साचलेला, त्यामुळे पाणी इतरांकडून विकत घ्यायचे. मग पाडून नवे बांधले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे, की नवे बांधणे भूखंडागणिक होते आणि पूर, आग, गर्दी हे प्रश्न आळीभर असतात. एकट्या इमारतीने जोते उंच केले की पाणी शेजारच्या बैठ्या घरात जाते. विमानतळाच्या भरावानंतर त्याला लागून असलेल्या पारगाव-डुंगीचे लोक नेमकी हीच तक्रार मोठ्या प्रमाणावर करत आले आहेत. पनवेलला पूर्वजांनी वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे अशी तळी दिली. ती शोभेसाठी खोदलेली नव्हती. पावसाचे पाणी अडवणे, ते उन्हाळ्यापर्यंत पुरवणे हे त्यांचे काम. आज त्यांच्या काठी दिवे आणि बाके येतात, छान दिसते. तळ्यात येणारे नाले कुठल्या इमारतीखाली गडप झाले, हे मात्र कोणी शोधत नाही.

मग संपूर्ण आळीचा विचार कोणी करायचा? इथे खरी गोम आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. जुनी नगरपालिका, २९ गावे आणि सिडकोचे नोड मिळून सुमारे ११० चौरस किलोमीटर. नोडमधले रहिवासी सिडकोला सेवाशुल्क देत होते. महापालिकेने स्थापनेपासूनचा मालमत्ता कर एकदम मागितला, तेव्हा दुहेरी कराची ओरड झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. नव्या शहराची नागरिकांशी पहिली मोठी ओळख झाली ती अशी, बिलाच्या पाकिटातून. २०१७ मध्ये पहिली निवडणूक झाली, जुलै २०२२ मध्ये मुदत संपली, आणि पुढचे मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये. विमानतळ, सेतू, मेट्रो यांचे निर्णय पदरात पडत होते त्या साडेतीन वर्षांत शहरात एकही नगरसेवक नव्हता. इतरत्र पाहावे तर विमानतळाभोवतालच्या ‘नैना’ क्षेत्रात २०१३ पासून नियोजनाचे अधिकार सिडकोकडे, तळोज्याच्या कारखान्यांचे एमआयडीसीकडे, आणि २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांचे कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर एमएमआरडीएकडे सोपवले गेले. त्यालाच वर्तमानपत्रे ‘तिसरी मुंबई’ म्हणतात. दुसऱ्या मुंबईचे केंद्र पन्नास वर्षांत धड उभे राहिले नाही, तोवर तिसरी.

यातली प्रत्येक संस्था आपापल्या सीमेच्या आत नकाशा रंगवते. या सगळ्या नकाशांतली माणसे ज्या बाजारात येणार, तो मात्र यांपैकी कोणाच्याच हिशेबात नाही. तिसऱ्या मुंबईतला माणूस दिवाळीच्या खरेदीला कुठे येईल? पनवेलला येईल. तेव्हा पनवेलचे स्थानक आणि पेठ यांच्यामधला महामार्ग तो कसा ओलांडेल? आज लोकलमधून उतरून उरण नाक्यापर्यंत चालत जायचे, तर उड्डाणपुलाखालून, रिक्षांच्या गर्दीतून, एस. टी. स्टँडच्या खड्ड्यांतून वाट काढावी लागते. अंतर फार नाही. म्हातारे माणूस ते चालू शकत नाही एवढेच. स्टँडच्या पुनर्विकासाची घोषणा वर्षानुवर्षे रखडलेली, आणि विमानतळाकडे जाणाऱ्या उन्नत रस्त्यांची आखणी मात्र झपाट्याने होते. प्राधान्य कशाला आहे हे यावरून कळते.

उपाय अवघड आहेत असे मला वाटत नाही. पुण्यात महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता काही तास वाहनांसाठी बंद ठेवते आणि रस्ता चालणाऱ्यांच्या ताब्यात देते. एका दिवसाचा सोहळाच तो, पण व्यापारपेठ मोटारीशिवाय चालते एवढे तरी दिसले. पनवेलची पेठ त्याहून लहान आहे, म्हणून सोपी. स्थानक ते पेठ सलग पदपथ आणि लहान बस. कापड बाजारात मालाच्या गाड्यांना रात्रीची वेळ. पुनर्विकासाला परवानगी देताना एकेका भूखंडाऐवजी आळीचा आराखडा. दर्शनी भागात रेलिंगऐवजी पायरी ठेवण्याची अट. तळ्यांचे नाले मोकळे. विमानतळाजवळ असल्याने इमारतींच्या उंचीला तसेही बंधन आहे. म्हणजे पेठेत मनोरे बांधण्याचे स्वप्न कायद्यानेच अर्धे पुसले आहे, त्याचा फायदा तरी घ्यावा.

हे करायला वेगळे प्राधिकरण नको, आहेत तीच पुष्कळ झाली. महापालिकेचे अधिकार पुरतात, आणि आता सभागृहात निवडून आलेली माणसेही आहेत. नगररचना कायद्यात हरकती आणि सूचनांची तरतूद आहे. आजवर ती बहुतेक स्वतःच्या भूखंडावरचे आरक्षण उठवण्यासाठी वापरली गेली. या वेळी खारघर आणि कामोठ्याच्या रहिवाशांनी एक सूचना जुन्या पनवेलच्या पेठेसाठी द्यावी. तुमची खरेदी तिथे होते, तुमचा कर त्याच महापालिकेत जातो. आणि प्रभागातल्या नगरसेवकाला एवढेच विचारा, की स्थानकापासून उरण नाक्यापर्यंतचा पदपथ कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आहे.